नवगाव, सागाव, इस्राएल आळी: एका दिवसाची टूर केली, त्याबद्दल सविस्तर

गेल्या महिन्यात अलिबागला एक दिवसाची टूर केली, कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांच्या जुन्या जागा दाखवणारी, दुपारी त्याच पद्धतीचं घरगुती जेवण. लिहायला तीन आठवडे लागले कारण गाडी बरी होती, जेवण छान होतं एवढं लिहून माझं भागणार नव्हतं, आणि बाकीचं लिहू की नको यातच वेळ गेला. आता लिहितेय. टूरवाल्याचं नाव देत नाही, कारण त्याची कंपनी वगैरे काही नाही, एक माणूस, एक मिनिडोअर (तीनचाकी गाडी) आणि ओळखीतून मिळालेला नंबर, आणि थोड्या तक्रारीही आहेत त्या कोणाच्या नावावर नकोत.

आधी हे सांगते की मी स्वतः बेने इस्राएल आहे. ठाण्यात जन्मले, मराठी शाळेत शिकले, घरात मराठीच, आणि सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागेला, आमच्याकडची जुनी माणसं अजून मशीदच म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणायचे ते आम्ही. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. आडनावं सगळी गावावरून, पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर, झिराडकर, चेऊलकर. हे आडनावाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्याबरोबर माझ्या मावसबहिणीचा मुलगा होता. वय २६, जन्म इस्रायलमधल्या अश्दोदचा, मराठी त्याला आजीपुरती येते, म्हणजे जेवलास का, गप बस, इकडे ये, एवढी. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात त्याचा शाळेतला मित्र मारला गेला, त्या एका दिवसात सुमारे १,२०० माणसं मेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं, त्यानंतर हा चार महिने राखीव फौजेत होता. आता सुट्टी घेऊन भारतात आला होता आणि आजीने त्याला बजावून पाठवलं होतं की नवगाव बघितल्याशिवाय परत येऊ नकोस.

गेटवेहून सकाळची लाँच पकडून मांडव्याला उतरलो. लाँचवरच आमचं वाजलं. मी त्याला म्हटलं की गाझातलं जे रोज बघतेय ते मला सहन होत नाही, तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्याप्रमाणे साठ हजारांच्या वर माणसं गेली, त्यात मुलं किती, आणि हे आपल्या नावाने चाललंय. तो म्हणाला मावशी, तू ठाण्यात बसून बोलतेस, तुझ्या घरात सायरन वाजला की पळायची खोली नाहीये. खरं आहे, नाहीये. पुढे मांडव्यापर्यंत तो डेकवर आणि मी खाली.

टूरवाला जेट्टीवर वेळेत हजर होता, याला पूर्ण मार्क. माणूस पन्नाशीचा, तिथलाच, आमच्यातला नाही, पण त्याला आमच्या जागांचं जेवढं माहीत आहे तेवढं आमच्या सोसायटीतल्या चार बेने इस्राएल घरांना मिळून माहीत नसेल. त्याची आई लहानपणी शनवार तेल्यांच्या घाण्यावरून किटलीत तेल आणायची, शुक्रवारीच जास्तीचं आणून ठेवायची कारण उद्या घाणा बंद. हे त्याने गाडी सुरू करता करता सांगितलं, टुरिस्टला ऐकवायचं पाठ केलेलं भाषण नव्हतं ते, आणि तिथेच मला वाटलं की पैसे वसूल.

पहिलं नवगाव. थळचा आरसीएफचा खताचा कारखाना मागे टाकला की समुद्राच्या अंगाला नारळीपोफळीत ही जागा येते. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती गोष्ट अशी की दोन हजार वर्षांपूर्वी इथे जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीची प्रेतं किनाऱ्याला लागली ती इथल्या लोकांनी पुरू दिली, पुरुषांचा एक उंचवटा, बायकांचा एक. आता तिथे स्मारक आहे, बाजूला कबरस्तान, काही दगडांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही. सगळी पोथ्यापुस्तकं बुडाली, आठवणीत राहिली ती फक्त शेमा ही एक प्रार्थना, शनिवार, सुंता आणि खवले नसलेला मासा खायचा नाही हा नियम. इतिहासाचे अभ्यासक जहाजाच्या तारखेवर वाद घालतात, २०१६ च्या जनुकीय अभ्यासात असं निघालं की आमच्या रक्तात मध्यपूर्वेतलेही आहेत आणि इथलेही आहेत. मला दोन्हीचा सारखाच आनंद झाला होता.

टूरवाला गोष्ट सांगत होता आणि भाचा त्या उंचवट्याकडे बघत उभा होता. मग त्याने इंग्रजीत विचारलं, मी मराठी करून सांगितलं, की ह्या लोकांनी आमच्याकडे काही मागितलं नाही का, तुम्ही कोण, कुठले, तुमचे कागद काय. टूरवाल्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "ताई, मेलेलं माणूस दाराशी आलं तर त्याला काय विचारायचं?"

इथे माझी पहिली तक्रार. नवगावला फक्त पंचवीस मिनिटं दिली. ही जागा घाईने बघायची नाही. तिथे बसायला काही नाही, सावली आहे पण पिण्याचं पाणी नाही, बायकांची सोय तर जवळपास कुठेच नाही, त्यामुळे जाणाऱ्यांनी मांडव्यालाच उरकून घ्या.

मग अलिबागजवळच्याच सागाव-खंडाळ्याकडे. पैगंबर एलियाहू रथातून स्वर्गात गेले तेव्हा त्यांच्या घोड्याची टाप आणि चाकाची खूण इथल्या खडकावर उमटली असं आमच्यात मानतात. खडकावर खरंच लांब चरे आहेत. तू बिश्वत या झाडांच्या सणाच्या सुमाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, मुंबई-ठाण्याहून आणि इस्रायलहून लोक इथे येऊन मलिदा (पोहे-गुळाचा नैवेद्य) करतात. तिथे मेणबत्त्यांचं मेण खडकावर थराथराने साचलंय, बोट लावलं तर अजून मऊ होतं, कोणीतरी आदल्याच दिवशी येऊन गेलं असणार. नवस इथे आमचे लोक बोलतात आणि गावातले इतर लोकही बोलतात, टूरवाल्याच्या बहिणीला मूल होत नव्हतं तेव्हा त्यांनी पण इथे बोलला होता.

वाटेत टूरवाल्याने सहज म्हणून भाच्याला विचारलं, "तुमच्या तिकडच्या गावात शेजारी कोण आहेत? म्हणजे आमच्यासारखे, दुसरे?" मी मराठीचं इंग्रजी केलं आणि करताना मलाच जड गेलं. भाचा म्हणाला रशियातून आलेले आहेत, मोरोक्कोतले आहेत, जॉर्जियातले, आपले भारतातले. टूरवाला म्हणाला ते सगळे ज्यूच ना, मी दुसरे विचारतोय. भाचा गप्प बसला. पाचेक मिनिटं फक्त मिनिडोअरचा आवाज.

अश्दोद हे शहर १९५६ ला वसवलं. त्याच्या जवळच इस्दूद नावाचं अरब गाव होतं, १९४५ च्या आसपास साडेचार हजारांवर वस्ती, १९४८ च्या युद्धात ते रिकामं झालं आणि माणसं गाझात गेली. पस्तीसेक किलोमीटरवर. पडके अवशेष अजून आहेत. हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं, त्याआधी कितीदा तिथल्या घरी फोन केलेत, अश्दोदला पाऊस आहे का, अश्दोदला भाज्या काय भाव.

आता झायोनिझमबद्दल, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये स्वतःचा देश हवा या चळवळीबद्दल, आमच्यात काय काय झालं ते थोडं सांगते, कारण टूरमध्ये हा भाग नव्हता आणि असायला हवा होता असं माझं मत आहे. लोकांना वाटतं ज्यू म्हटला की जन्मापासून झायोनिस्ट. आमच्या कोकणातल्या लोकांचं तसं कधीच नव्हतं. १८९७ ला स्वित्झर्लंडमधल्या बासेलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरली तेव्हा मुंबईच्या बेने इस्राएलांनी आमंत्रण नाकारलं, कारण आमची समजूत अशी की परत न्यायचं ते देव नेईल, आपण ठराव करून होत नाही. पुढे १९१७ ला आमच्या दोन संस्था झाल्या, एक राष्ट्रीय चळवळीकडे झुकलेली, एक इंग्रज सरकारशी जपून वागणारी, डॉ. अब्राहम एरुलकर तर गांधीजींना तपासणारे डॉक्टर. गांधीजींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये लिहिलं की माझी सगळी सहानुभूती ज्यूंकडे आहे पण पॅलेस्टाईन अरबांचं आहे, जसं इंग्लंड इंग्रजांचं. त्याच लेखात जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा सल्ला दिला, तो मला आजही पचत नाही, साठ लाख माणसं मारली गेली त्यांच्यापुढे तो सल्ला काय कामाचा होता. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन ब्यूबरने त्यांना उत्तर दिलं १९३९ ला, आणि मला मोठा वाटतो तो हा ब्यूबर, कारण गांधीजींशी भांडतानाही तो असंच म्हणत होता की त्या जमिनीवर हक्क दोघांचा आहे आणि दोघांनी मिळून राहायचा रस्ता काढला पाहिजे. जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ उभं करणारे ज्यूडा मॅग्नेसही त्याच मताचे. त्याहून आधी १८९१ ला हिब्रू लेखक आहाद हाआम पॅलेस्टाईनला जाऊन आला आणि लिहिता झाला की ती जमीन काही रिकामी पडलेली नाही. म्हणजे हा प्रश्न बाहेरच्यांनी काढलेला नाही, ज्यूंच्याच घरातला आहे, पहिल्यापासून.

मग १९४८. तेव्हा आम्ही भारतात वीस हजारांच्या आसपास होतो. हळूहळू गावंच्या गावं निघाली, आज भारतात सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार असतील आणि तिकडे भारतातून गेलेल्यांची वस्ती सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात. माझी आजी सांगायची की आपल्याला इथून कोणी घालवलं नाही, गेले ते लग्नासाठी, नोकरीसाठी, धर्मासाठी, भाऊ गेला म्हणून बहीण गेली. युरोपातल्या आणि इराकमधल्या ज्यूंचं तसं नव्हतं, त्यांना जायलाच लागलं, आणि इस्रायल नसतं तर ती माणसं कुठे गेली असती हे मला कोणी सांगावं. म्हणून झायोनिझम म्हणजे नुसती शिवी असल्यासारखं जे लोक बोलतात त्यांच्याशी माझं पटत नाही.

पण तिकडे गेल्यावर आमच्याशी काय झालं तेही सांगायला हवं. १९५१-५२ ला बीरशेबातल्या आमच्या काही लोकांनी ज्यूंना तिकडे वसवणाऱ्या ज्यू एजन्सीच्या दारात धरणं धरलं की आम्हाला रंगावरून वेगळं वागवतात, परत पाठवा, आणि काही कुटुंबं खरंच परत आली. १९६२ ला तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फर्मान काढलं की बेने इस्राएलाशी लग्न लावताना मागच्या पिढ्या तपासा. दोन वर्षं आमचे लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला ठाण मांडलं, तेव्हा १९६४ ला मान्य झालं की हे सर्व बाबतीत पूर्ण ज्यू आहेत. माझे आजोबा हे सांगताना थरथरायचे. आणि त्याच आजोबांनी माझ्या एका आत्याचं लग्न मोडलं होतं कारण मुलगा काळा इस्राएल. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता, ज्यांच्या घरात बाहेरची बाई आली ते काळे, त्यांच्याशी सोयरीक नाही, काही ठिकाणी कबरीसुद्धा बाजूला. कागद मागितल्याचा राग आम्हाला आला, आणि घरात आम्ही तेच मागत होतो.

असो. इस्राएल आळीत पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. अलिबागचं मागेन आबोथ सिनेगॉग, मूळ १८४८ चं, आताची इमारत १९१० ची. आत शिरताना चप्पल काढायची गरज नाही पण पुरुषांना डोकं झाकायला लागतं, टोप्या तिथे ठेवलेल्या असतात. बाक स्वच्छ, दिव्यांच्या काचा पुसलेल्या, जमीन थंडगार. दहा पुरुष जमले तर पूर्ण प्रार्थना होते, अलिबागला आता दहा जमवायचे म्हणजे मुंबईचे पाहुणे लागतात. फोटो विचारून काढा, शनिवारी आणि सणाला जाऊ नका.

इथे मी भाच्याला एक गोष्ट विचारली जी मनात घेऊन आले होते. योम किप्पूरला, आमच्या जुन्या मराठीत दारफळणीचा सण, उपास करून दिवसभर आपण छाती बडवत पापांची यादी म्हणतो. ती यादी सगळी अनेकवचनात आहे. आम्ही लुबाडलं, आम्ही खोटं बोललो, आम्ही हिंसा केली. ज्याने केलं नाही तोही आम्हीच म्हणतो. मी त्याला म्हटलं ते आम्ही म्हणजे कोण रे? शेजारच्या बाकावरच्यापुरतं, का तुझ्या फौजेपर्यंत? तो म्हणाला, मावशी, मित्राला पुरलं त्या दिवशी मी पण हेच आम्ही धरून होतो, म्हणूनच गेलो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आत्ताही नाही.

एक स्पष्ट करते कारण हे मला फार छळतं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी युद्धाचा व्हिडिओ टाकून मला विचारतं की आता बोला, किंवा उलट शाबासकी देतं की तुमच्या लोकांनी बरी जिरवली, या दोन्हींचा मला सारखाच संताप येतो. माझ्या आडनावावरून माझ्याकडे हिशोब मागायचा हक्क कोणाला नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरीमन हाऊसमध्ये जे मारले गेले त्यांच्याकडेही असाच आडनावाचा हिशोब मागितला होता. पण मी स्वतःकडे मागायचा की नाही, तो वेगळा प्रश्न. आजीच्या घरी फळीवर निळा डबा असायचा, इस्रायलमध्ये झाडं लावायला पैसे. शाळेतून आलं की मी खाऊच्या पैशातले दहा पैसे त्यात टाकायचे, नाणं पडलं की डबा हलवून बघायचे किती जड झाला. फार पुढे वाचलं की त्यातली काही जंगलं रिकाम्या केलेल्या गावांच्या जागेवर लावलीत, घराच्या पायाचे दगड पाइनच्या मुळांत सापडतात. माझे दहा पैसे कुठल्या झाडाला गेले मला सांगता येणार नाही, पण टाकले मी, आणि अभिमानाने टाकले. मग त्या झाडाखालचं घर माझ्या हिशोबात येत नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू.

जेवण. आळीजवळच एका काकूंच्या घरी, वय सत्तरच्या पुढे, चारच माणसांची व्यवस्था. काकूंनी आधीच स्पष्ट सांगितलं की आमच्या पद्धतीने कापणारा इथे कोणी नाही म्हणून मी मटण देत नाही, मासे खा. एवढा प्रामाणिकपणा मला मुंबईच्या मोठ्या हॉटेलात मिळालेला नाही. पापलेट हिरव्या वाटणात, नारळाच्या दुधातली बटाट्याची आमटी, तांदळाची भाकरी, बिरडं, आणि काळ्या मनुका उकळून केलेलं शरबत, तेच शब्बाथला (आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) वाइनच्या जागी चालतं. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या काही मिळणार नाही, कोकणात आलोय म्हणून हट्ट करू नका. पापलेटाला मीठ किंचित जास्त होतं, बाकी बोट ठेवायला जागा नाही.

मलिदा आम्ही आधी सांगून ठेवला होता. काकूंनी तो आमच्या समोर केला, धुतलेले पोहे परातीत पसरले, किसलेला गूळ घातला आणि हाताने असा फिरवला की गूळ विरघळून पोह्याला रंग चढला पण पोहा मोडला नाही, मग ओलं खोबरं, वेलची, जायफळ, बदामाचे काप. त्याचा डोंगर करून भोवती केळी, खजूर, सफरचंद, चिकू, वर एक गुलाब. फळाचा आशीर्वाद वेगळा, वासाचा वेगळा. म्हणणारा पुरुष भाचा एकटाच. एलियाहू हन्नाबीचं गाणं त्याने लावलं, काकूंची चाल कोकणातली आणि त्याचे उच्चार आताच्या हिब्रूचे, दोघं दोन कडव्यांपर्यंत मागेपुढे होत होते, तिसऱ्याला जुळले. टूरवाला दारात उभा राहून गुणगुणत होता, त्यालाही पाठ.

खाताना काकूंनी भाच्याला विचारलं फौजेत होतास का. हो म्हणाला. काकूंचे दोन नातू इस्रायलमधल्या दिमोनाहून फौजेत गेलेत. त्या म्हणाल्या, "रात्री फोन वाजला का माझ्या पोटात गोळा येतो. नि टीव्हीवर ती तिकडची बाई बघितली, पोर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, तिला काय फोन पण येणार नाय आता. दोन्ही मला दिसतं, मी काय करू?" कोणी काही बोललं नाही. त्यांनी भाच्याला अजून मलिदा वाढला.

रेवदंड्याचा भाग सगळ्यात कच्चा झाला, ही दुसरी आणि मोठी तक्रार. तिथलं बेथ एल सिनेगॉग १८४२ चं, आमच्या कोकणातल्या जुन्यांपैकी, आणि टूरवाल्याने किल्ली असणाऱ्या माणसाला आधी फोनच केला नव्हता. कुलूप. दाराच्या फटीतून बघून आलो. पाऊण तास नुसता गेला, त्याने माफी मागितली आणि शंभर रुपये कमी घेतले पण शंभर रुपयांचा प्रश्न नाही, लोक इतक्या लांबून आजी-आजोबांची जागा बघायला येतात.

पण तिथेच, बंद दारासमोर पायरीवर बसलो असताना भाच्याने आडनावांचं विचारलं. त्याच्या बापाने तिकडे आडनाव बदलून हिब्रू घेतलं, शेवटचं कर गेलं. मी समजावलं की कर म्हणजे त्या गावचा, गाव सुटलं तरी आडनाव राहतं, तुझ्या आजीला जन्मात ते गाव बघायला मिळालं नसेल तरी ती तिथलीच. त्याने सगळी नावं परत म्हणायला लावली, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. मग म्हणाला, "गाझातली माणसं पण असंच सांगतात. आम्ही एका घरात झडती घेत होतो, म्हातारा होता, त्याला विचारलं कुठला, तर म्हणाला इस्दूद. मी म्हटलं मी पण अश्दोदचा. तो हसला नाही." थोडं थांबून त्याने विचारलं, "मावशी, म्हणजे तो इस्दूदकर झाला का?"

मी हो म्हटलं.

मला त्या दिवसापासून हेच डोक्यात बसलंय. आम्ही आपणहून गेलो, आमचं कर कायम राहिलं, आणि आम्हाला आठवण आली की दीडशे-दोनशेचं तिकीट काढून लाँचने येता येतं, दार उघडं नसलं तरी पायरीवर बसता येतं, कोणीतरी मलिदा वाढतं. त्या म्हाताऱ्याचं गाव पस्तीस किलोमीटरवर होतं. ज्या माणसांना दोन हजार वर्षं एका किनाऱ्याने ठेवून घेतलं त्यांच्या तोंडून तरी निघायला हवं की ओलिसांची घरंही आमची आणि त्या म्हाताऱ्याचं गावही आमच्या हिशोबात. आजीचा झायोनिझम मी टाकून दिलेला नाही, ज्यूंना सुरक्षित घर हवं हे मला आजही तितकंच वाटतं. पण दुसऱ्याचं घर पुसून ते सुरक्षित होतं यावर माझा विश्वास उरलेला नाही, आणि हे मी आता शब्बाथच्या जेवणालाही बोलते, अश्दोदच्या फोनवरही बोलते. मावसबहीण बरेच दिवस नीट बोलत नव्हती. भाच्याने परत गेल्यावर काय ठरवलं ते त्याचं तो सांगेल, मी इथे लिहिणार नाही.

आता कामाचं. माणशी १,४०० रुपये, जेवण धरून, मलिद्याच्या ताटाचे ६०० वेगळे आणि ते दोन दिवस आधी सांगायला लागतं. फक्त रोख, किंवा त्याच्या मुलाच्या फोनवर पाठवायचे. पावसाळ्यात लाँच बंद असतात तेव्हा भाऊच्या धक्क्याहून रोरो किंवा सरळ एसटी. शनिवार सोडून कधीही, शुक्रवारी गेलात तर तीनच्या आत जेवण आटपा, काकूंना शब्बाथची तयारी असते. रेवदंड्याच्या किल्लीचं आदल्या रात्री स्वतः फोन करून विचारा. म्हाताऱ्या माणसांना मिनिडोअरमध्ये त्रास होतो, रस्ता चौलपर्यंत खराब आहे, इको गाडी मागितली तर मिळते, ५०० जास्त. पाचात चार देईन, एक रेवदंड्याचा कापला.

मार्चमध्ये परत जातेय, आईला घेऊन. इको सांगितलीय, मलिद्याचं ताट सांगितलंय, आणि नवगावला या वेळी पूर्ण एक तास ठेव म्हणून टूरवाल्याला दोनदा बजावलंय.